अक्रोड : वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

मागील अंकात सुकामेव्यावर एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकट्या अक्रोडाविषयी आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे जागेअभावी शक्य नसल्यामुळे सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावे या सदराच्या रिवाजाप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. अलीकडे ओळखीच्या माणसांची नावे पटकन आठवत नाहीत. अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो मेंदूला उत्तम, असे घरात सगळ्यांचे म्हणणे आहे. सूनबाई रोज सकाळी वाटीभर अक्रोड समोर ठेवते. यात तथ्य किती? (नाशिक)

उत्तर : सर, एखादी वस्तू ज्या अवयवासारखी दिसते त्या अवयवाचे ती औषध असते, ही समजूत फार जुनी आहे. सतराव्या शतकातल्या युरोपातील वनस्पतिवैद्यांनी तर अक्रोडाची हिरवी साल म्हणजे डोक्याची त्वचा, कठीण कवच म्हणजे कवटी आणि आतला गर म्हणजे मेंदू, अशी जुळणीच करून ठेवली होती. दिसण्यावरून गुण ठरत नाहीत, एवढे आज आपण निश्चित जाणतो. मात्र अक्रोडाचा मेंदूशी काहीच संबंध नाही असेही म्हणता येत नाही, कारण इतर सुक्यामेव्यात फारसे न आढळणारे अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे मेंदूला लागणाऱ्या ओमेगा-३ या स्निग्धाम्लांच्या गटातले, वनस्पतीतून मिळणारे आम्ल, त्यात भरपूर असते. १०० ग्रॅम गरात ते सुमारे ९ ग्रॅम भरते.

आता प्रत्यक्ष स्मरणशक्तीचे काय, ते पाहू. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा आणि स्पेनमधील बार्सिलोना या दोन ठिकाणी मिळून ६३ ते ७९ वर्षे वयाच्या सातशेहून अधिक निरोगी स्त्री-पुरुषांचा एक अभ्यास झाला. त्यातील निम्म्यांनी दोन वर्षे रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड खाल्ले आणि उरलेल्यांनी अक्रोड टाळले. दोन वर्षांनंतर स्मरण, एकाग्रता आणि आकलन यांच्या चाचण्यांमध्ये दोन्ही गटांत एकंदरीत फरक आढळला नाही. ज्यांचे शिक्षण कमी झाले होते आणि ज्यांच्यात धूम्रपानाचे प्रमाण अधिक होते अशा बार्सिलोनाच्या गटात थोडा लाभ झाल्याची चिन्हे दिसली, परंतु तेवढ्यावरून कोणालाही वचन देता येणार नाही. अक्रोडाच्या पिशवीवर 'स्मरणशक्ती वाढवतो' असे छापलेले दिसले, तर ते या निष्कर्षाच्या पुढे जाऊन केलेले विधान आहे, असे समजावे.

नावे न आठवण्यामागे जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, अपुरी झोप किंवा कमी ऐकू येणे अशी साधी आणि उपचार होण्याजोगी कारणे पुष्कळदा असतात. बी-१२ अक्रोडात अजिबात नसते, आणि आपण शाकाहारी असाल तर ही तपासणी आधी करून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अक्रोड खात राहून तपासणी पुढे ढकलणे योग्य होणार नाही.

राहिला वाटीचा प्रश्न. वाटीत १०० ग्रॅम गर मावतो असे धरले, तर त्यातून सुमारे ६५० कॅलरी मिळतात, म्हणजे जवळजवळ एका वेळचे भरपेट जेवण झाले. सूनबाईंची माया मोडू नका, फक्त वाटीऐवजी सहा-सात अक्रोडांचा गर घ्या. तो साधारण २८ ते ३० ग्रॅम भरतो, आणि त्या बदल्यात सकाळच्या चहाबरोबरची बिस्किटे किंवा खारी बंद करा.

प्रश्न : अक्रोड रात्री भिजवून, साल काढून खावेत की कोरडे? न भिजवता खाल्ले तर ते बाधतात का? (पुणे, सातारा आणि इतर अनेक)

उत्तर : भिजवल्याने पोषण दुप्पट होते किंवा कोरडे अक्रोड विषारी ठरतात, असे जे सांगितले जाते त्याला आधार नाही. भिजवल्यामुळे गर मऊ होतो, दातांचा त्रास असलेल्यांना तो चावता येतो आणि पातळ सालीतील टॅनिन काही अंशी पाण्यात उतरल्याने तुरटपणा कमी होतो. सकाळी वाटीतले पाणी चहासारखे तपकिरी झालेले दिसते, ते याच टॅनिनमुळे. ज्यांना कोरडे अक्रोड खाल्ल्यावर पोट जड वाटते त्यांनी भिजवलेले खावेत. ज्यांना काही होत नाही त्यांनी तसेच खावेत. साल मात्र शक्यतो काढू नका, कारण अक्रोडातील बहुतेक पॉलिफेनॉल ही वनस्पतिजन्य द्रव्ये त्या सालीतच असतात आणि त्यांच्यापासून आपल्या आतड्यातील जिवाणू शरीराला उपयोगी ठरू शकणारी द्रव्ये तयार करतात.

अक्रोड भिजवण्याची प्रथा नवी नाही. काश्मिरी पंडितांच्या घरी महाशिवरात्रीच्या सुमारास 'हेरथ' साजरा होतो. तेव्हा पूजेतल्या मडक्यात पाणी भरून त्यात कवचासकट अक्रोड ठेवतात आणि काही दिवसांनी तेच भिजलेले अक्रोड फोडून नातेवाइकांत व शेजारीपाजारी प्रसाद म्हणून वाटतात. काश्मीरमधील थंडीत हे चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात मात्र भिजवलेले अक्रोड स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नका. ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी संपवावेत.

प्रश्न : मला थायरॉइडची गोळी चालू आहे. सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि लगेच भिजवलेले अक्रोड व बदाम खाते, म्हणजे पोट रिकामे राहत नाही. हे चालेल ना? (कल्याण)

उत्तर : नाही, ताई, हे चालणार नाही, आणि तुमचे पत्र हाती आल्याबरोबर ते या अंकात घ्यायचे मी ठरवले. लेव्होथायरॉक्सिन या गोळीचे आतड्यातील शोषण ज्या पदार्थांमुळे घटू शकते त्यांत सोयाबीनचे पीठ व तंतुमय पदार्थ यांच्याबरोबर अक्रोडाचे नाव औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेले असते. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, चहासुद्धा घेऊ नये. अक्रोड आणि बदाम दुपारी चारच्या सुमारास खाल्ले तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका बाईंचे टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, काही केल्या आटोक्यात येत नव्हते आणि गोळीची मात्रा वाढवण्याचे घाटत होते. त्यांची सकाळ मी मिनिटामिनिटाने विचारून घेतली, तेव्हा कळले की गोळी आणि अक्रोड त्या एकाच घोटाबरोबर घेत असत. गोळी विसरू नये म्हणून ती अक्रोडाच्या वाटीतच ठेवलेली असे. अक्रोड संध्याकाळी नेल्यावर पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. प्रत्येकीच्या बाबतीत असेच घडेल असे नाही, पण गोळीची मात्रा बदलण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर अवश्य घाला. एक काळजी मात्र घ्या. वेळ बदलल्यामुळे गोळी आता अधिक शोषली जाऊ शकते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : आम्ही पाच जणांचे कुटुंब आहोत. सगळ्यांना रोज पुरतील एवढे अक्रोड महिन्याला विकत घेणे आम्हाला परवडत नाही. मुलांचे पोषण यामुळे कमी पडते का, या विचाराने मन खट्टू होते. (लातूर)

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. अक्रोड न मिळाल्यामुळे कोणाही मुलाचे पोषण कमी पडत नाही. अक्रोडाची जी खासियत म्हणून सांगितली जाते ते ओमेगा-३ तुमच्याच भागातील जवसात अक्रोडाच्या दुपटीहून जास्त आहे. १०० ग्रॅम जवसात ते सुमारे २२ ग्रॅम असते, तर सात अक्रोडांतून सुमारे अडीच ग्रॅम मिळते. कुटलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यातून दीड ग्रॅमच्या आसपास मिळते आणि प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरजही साधारण तेवढीच मानली जाते. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली, तेव्हा कोणी ओमेगा-३ हा शब्द ऐकलेला नव्हता.

जवस मात्र भाजून कुटलेलाच हवा. आख्खे दाणे गुळगुळीत आणि टणक असल्यामुळे ते न पचता जसेच्या तसे बाहेर पडतात. चटणी एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतीच करा, कारण कुटल्यावर तेल हवेला उघडे पडते. कारळ्याची चटणीही चवीला आणि पोषणाला चांगली आहे, पण तिच्यात ओमेगा-६ वर्गातील तेल प्रामुख्याने असते. कारळे जवसाची जागा घेत नाहीत, एवढे लक्षात असू द्या. प्रथिनांसाठी शेंगदाणे तर अक्रोडापेक्षा सरस आहेत: १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, अक्रोडात १५.

मासे खाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगते. वनस्पतीतील ओमेगा-३ चे हृदयाला आणि मेंदूला लागणाऱ्या ईपीए आणि डीएचए या रूपांत रूपांतर करण्याची आपल्या शरीराची क्षमता बेताचीच आहे. बांगडा आणि तारली या आपल्या किनाऱ्यावरील साध्या माशांत ती रूपे तयार मिळतात. ज्या घरी आठवड्यातून दोनदा बांगड्याचे कालवण होते त्या घराने अक्रोडाची चुटपुट लावून घेऊ नये.

प्रश्न : वाईट कोलेस्टेरॉल वाढले आहे, वजनही जास्त आहे. अक्रोडात इतके तेल असताना ते खावेत की टाळावेत? (कोल्हापूर)

उत्तर : खावेत. अक्रोडाच्या गरात ६५ टक्के स्निग्धांश असतो हे खरे, परंतु त्यातील फार मोठा भाग असंतृप्त, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल न वाढवणारा, असतो. वर सांगितलेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात अक्रोड खाणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरी ४ मिलिग्रॅमच्या आसपास कमी झाले आणि वजन वाढले नाही. ही घट लहान आहे. एलडीएल १६० असलेल्या माणसाची गोळी अक्रोडाने सुटणार नाही, आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी दिलेली स्टॅटिनची गोळी अक्रोडाच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे.

स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सात हजारांहून अधिक लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सहभागींच्या विभागणीत त्रुटी आढळल्यामुळे २०१८ मध्ये तो नव्याने पडताळून पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला आणि निष्कर्ष जवळपास तोच राहिला. भूमध्य सागरी पद्धतीच्या जेवणाबरोबर रोज ३० ग्रॅम सुकामेवा खाणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारा मृत्यू यांचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसला. त्या ३० ग्रॅमपैकी १५ ग्रॅम अक्रोड होते. उरलेले बदाम आणि हेझलनट होते. म्हणून श्रेय एकट्या अक्रोडाचे नाही. ते डाळी, भाज्या, फळे आणि ऑलिव्ह तेलाच्या सबंध ताटाचे आहे.

वजनाबाबत एक दिलासा देता येतो. अक्रोडाचे काही कण नीट न फुटता पचनमार्गातून पुढे जातात, त्यामुळे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी मोजले तेव्हा प्रत्यक्षात मिळणारी ऊर्जा वेष्टनावरील आकड्यापेक्षा सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी भरली. तरीही तळलेले शेंगदाणे, फरसाण आणि वर अक्रोड असा बेत असेल तर वजन वाढणारच. फरसाणाचा डबा बाजूला ठेवून त्याच वेळी अक्रोड खावेत, तर त्यांचा उपयोग. मिठात किंवा मधात घोळवलेले अक्रोड घेऊ नयेत.

प्रश्न : आमच्याकडे आणलेले अक्रोड पंधरा दिवसांत कडू होतात. दुकानदार म्हणतो, अक्रोड कडूच असतो. खरे काय? (रत्नागिरी)

उत्तर : कडू-तुरट आणि खवट या दोन वेगळ्या चवी आहेत. सालीचा तुरटपणा जिभेवर लगेच जाणवतो आणि पाण्याच्या घोटाबरोबर निघून जातो. खवटपणा घशात मागाहून येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. एक फोड मध्यभागी मोडून पाहा. आतला भाग हस्तिदंती पांढरा आणि कोरडा असेल तर अक्रोड चांगला. पिवळसर, तेलकट आणि काहीसा पारदर्शक दिसत असेल आणि वासाला जुन्या तळणाच्या तेलासारखा किंवा ताज्या ऑइलपेंटसारखा असेल, तर तो टाकून द्यावा. ऑइलपेंटची आठवण उगाच येत नाही. अक्रोडाचे तेल हवेत वाळून त्याचा पापुद्रा धरतो, म्हणून युरोपातील जुने चित्रकार जवसाच्या तेलाप्रमाणे तेही रंगात मिसळत असत. जे तेल हवेशी इतक्या तत्परतेने संयोग पावते, ते कोकणातल्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत टिकणार कसे?

फोडलेला गर काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. तेथे तो सहा महिने आणि फ्रीझरमध्ये वर्षभर चांगला राहतो. बरणी उघडी राहिली तर मात्र तो कांद्या-लसणाचा वास ओढून घेतो. बुरशीचा ठिपका दिसलेला अक्रोड धुऊन, पुसून किंवा भाजून वापरू नये, कारण बुरशीतून निर्माण होणारी विषद्रव्ये भाजल्याने पुरती नाहीशी होत नाहीत.

सवड असेल तर कवचासकट अक्रोड घ्यावेत, कारण कवच हीच त्याची सर्वांत चांगली बरणी आहे. कानाशी धरून हलवल्यावर आत खुळखुळ वाजत असेल, तर गर सुकून आकसलेला असण्याचा संभव असतो. काश्मीरमध्ये पातळ कवचाच्या अक्रोडाला 'कागजी' म्हणतात आणि तो दोन अक्रोड मुठीत एकमेकांवर दाबले तरी फुटतो. आमच्या लहानपणी घरी जे अक्रोड येत ते इतके टणक असत की दाराच्या बिजागरीजवळच्या फटीत धरून दार ओढल्याशिवाय फुटत नसत, आणि त्यापायी आजीची बोलणी खावी लागत, कारण दाराच्या चौकटीला खोक पडे. मोठी माणसे अडकित्ता वापरत. काश्मीरमधील नवा माल ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये झाडावरून उतरतो आणि दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे येतो. चिलीतील हंगाम मार्च-एप्रिलचा असतो, म्हणून वर्षाच्या मध्यावर तेथील माल तुलनेने ताजा मिळतो. हे काश्मिरी अक्रोड उतरवणारी माणसे पन्नास-साठ फुटांच्या झाडांवर चढून लांब काठ्यांनी फांद्या झोडपतात. दरवर्षी त्यांतील काही जण पडून दगावतात आणि कित्येक कायमचे जायबंदी होतात. अक्रोडाचा भाव देताना ते मला नेहमी आठवते.

प्रश्न : अक्रोडाच्या कवचाची पूड चेहऱ्याला लावावी का? कवच आणि खराब झालेल्या अक्रोडांचा घरात काही उपयोग होतो का? (अमरावती)

उत्तर : चेहऱ्याला लावू नका. हीच पूड कारखान्यांत धातूवरचा गंज आणि रंग खरवडून काढण्यासाठी फवाऱ्याने मारतात. चेहऱ्याच्या नाजूक त्वचेवर तिच्या कडा ओरखडे पाडतात. हिरव्या सालीचा रस केसांना रंग देतो, परंतु त्याने त्वचेवर फोड येऊ शकतात, म्हणून तोही प्रयोग घरी करू नये. लाकडी फर्निचरवर उथळ ओरखडा असेल तर मात्र अक्रोडाचा गर त्यावर तिरका घासून पाच मिनिटांनी मऊ कापडाने पुसावा. तेल लाकडात मुरते आणि ओरखडा दिसेनासा होतो. गडद लाकडावर हे फार चांगले साधते. त्यासाठी खवट झालेले अक्रोडही चालतात. कवचे कुंडीच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी घालता येतात.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा आहे. इथल्या पाळणाघराने सुकामेवा डब्यात देऊ नका असे कळवले आहे. घरी अक्रोड द्यावा का? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : पाळणाघराची सूचना इतर मुलांच्या ॲलर्जीसाठी आहे आणि ती काटेकोरपणे पाळावी. घरी देताना चार-पाच वर्षांच्या आतील मुलाला आख्खा किंवा तुकड्यांचा अक्रोड कधीही देऊ नये, कारण तो श्वासनलिकेत अडकू शकतो. बारीक पूड करून दलियात किंवा शिऱ्यात मिसळावी. पहिल्यांदा अगदी चिमूटभर द्यावी आणि दोन तास लक्ष ठेवावे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी किंवा श्वासाला घरघर यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. मुलाला आधीच इसब किंवा दुसऱ्या अन्नाची ॲलर्जी असेल तर हा प्रयोग बालरोगतज्ज्ञांना विचारूनच करावा. शेंगदाणा पचला म्हणून अक्रोडही पचेल असे गृहीत धरू नये; शेंगदाणा हे कडधान्याच्या कुळातले आहे.

प्रश्न : नुसते अक्रोड खाण्याचा कंटाळा येतो. रोजच्या जेवणात आणि उपवासाला ते कसे वापरता येतील? (डोंबिवली)

उत्तर : शेंगदाण्याच्या कुटाच्या जागी काकडीच्या किंवा गाजराच्या कोशिंबिरीत अक्रोडाचा जाडसर कूट घालून पाहा. डिंकाच्या लाडवात खोबऱ्याचे प्रमाण थोडे कमी करून अक्रोड घालता येतो. त्याचे तेल मात्र फोडणीला वापरू नये, कारण ते लवकर धुरते. ते कोशिंबिरीवर वरून घालावे.

मला सर्वांत आवडते ती काश्मिरी घरांतली अक्रोडाची चटणी. दहा-बारा अक्रोडांचा गर, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर पुदिना आणि मीठ खलबत्त्यात कुटावे. मिक्सर वापरलाच तर थांबवत थांबवत फिरवावा, नाहीतर तेल सुटून चटणीचा गोळा होतो. मग त्यात वाटीभर घट्ट, आंबट नसलेले दही कालवावे. उपवासाला सैंधव घालून ती वऱ्याच्या तांदळाबरोबर छान लागते आणि एरवी गरम भाकरीबरोबर. अर्ध्या तासात तिचा रंग फिकट जांभळट होऊ लागतो. तो सालीचा रंग आहे, चटणी बिघडलेली नसते, पण ती त्याच दिवशी संपवावी.